टेनिस एल्बो: इंजेक्शननंतर दुखणं परत उलटलंय, पुढे काय करावं?

आंबेमोहर | ९ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

सात महिने उजव्या कोपराच्या दुखण्याने जेरीस आले आहे, म्हणून हा धागा काढतेय. टाचदुखी आणि फ्रोजन शोल्डरवर इथे भरपूर चर्चा सापडली, पण टेनिस एल्बोवर नीट काही मिळालं नाही.

मी ४७ वर्षांची, मुलुंडला राहते, फोर्टात बँकेत नोकरी. गेल्या दिवाळीत घरच्या आणि दोन्ही नणंदांच्या मिळून सहा किलो भाजणीच्या चकल्या एकटीने पाडल्या. सोऱ्या पितळी, वरचा दांडा फिरवून दाबायचा. भाजणी जरा घट्ट भिजली होती, तरी जोर लावून रेटत राहिले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कोपराच्या बाहेरच्या हाडावर जो ठणका लागला तो लागलाच. वाटलं, श्रमाने हात भरून आला असेल. मग एका सकाळी सांडशीने दुधाचा टोप उचलला आणि बोटांतलं बळच गेलं. दीड लिटर दूध ओट्यावर आणि पायावर. उकळलं नव्हतं म्हणून वाचले. तेव्हापासून टोप, कुकर, मिक्सरचं भांडं, सगळ्याला डावा हात. टॉवेल पिळता येत नाही. कोणी हात मिळवला तरी कळ थेट कोपरात जाते.

जानेवारीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन मिनिटं तपासून त्याच खेपेला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. नंतर काय करायचं, काय टाळायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी इतकं बरं वाटलं की दीड महिना कोपराची आठवणसुद्धा आली नाही. पाडव्याला पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, आणि दुखणं परत आलं ते आधीपेक्षा जास्त. सुई टोचली तिथली कातडी पांढुरकी पडलीय, चाचपलं तर लहानसा खळगा लागतो.

आता तेच डॉक्टर म्हणतात की दुसरं इंजेक्शन घ्या, नाहीतर पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेल्या भागाचं इंजेक्शन) करू, आणि नाहीच जमलं तर ऑपरेशन. तो शब्द ऐकल्यापासून झोप उडाली आहे. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. मला घाई नाही, पण हा हात परत हवा आहे.

चाळकरी | ९ जून, रात्री ११:१५

ताई, मला हे १५ वर्षांपूर्वी झालं होतं. गिरगावातल्या आमच्या चाळीत तेव्हा पाणी खालून भरून आणावं लागायचं, दोन्ही हातांत बादल्या आणि तीन मजले. मी गरम पाण्याची पिशवी, महानारायण तेल आणि कोपराचा पट्टा एवढ्यावर काढलं. बरं व्हायला वर्ष गेलं, पण पूर्ण बरं झालं. घाबरू नका.

ऑफस्पिन | १० जून, सकाळी ८:०५

सचिनला हेच झालं होतं, डाव्या कोपराला. २००४ मध्ये सुरू झालं, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला ते ९३ धावा करून. तेव्हा आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून फक्त त्याच्या कोपराबद्दल बोलायचो. सांगायचं हे की ऑपरेशन झालं तरी हात संपत नाही.

परळची फिजिओ | १० जून, दुपारी ३:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सतरा वर्षं काम करतेय. हात न बघता उपचार सांगणं बरोबर नाही, म्हणून दुखणं समजून घेता येईल एवढंच लिहिते. लांबेल, पण आंबेमोहर ताईंनी जे सोसलंय ते मी दर आठवड्याला बघते, त्यामुळे थोडक्यात आवरत नाही.

कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा एक टोकदार उंचवटा हाताला लागतो. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथे एका जाड दोरीसारख्या कंडरेने बांधलेले असतात. आपण मूठ आवळतो तेव्हा मनगट पुढे पडू नये म्हणून हे स्नायू ते मागून धरून ठेवतात. म्हणून पकड बोटांची असते आणि कळ कोपरात निघते. सांडशी, सोऱ्या, पिळलेला टॉवेल, कुलपाची किल्ली, सगळीकडे हाच प्रकार. गंमत बघा, या दुखण्याचं पहिलं वैद्यकीय वर्णन १८७३ साली जर्मनीत झालं ते लिहिण्यामुळे हात धरलेल्या लोकांवरून. टेनिसचं नाव चिकटलं ते १८८२ नंतर. आजही बहुतेक रुग्ण टेनिस न खेळणारे, साधारण ३५ ते ५५ वयाचे असतात.

घरी अंदाज घ्यायचा तर हात कोपरात सरळ ठेवून, तळहात जमिनीकडे करून हलकी खुर्ची पाठीला धरून उचलून बघा. त्या उंचवट्यावर नेमकी कळ आली तर संशय पक्का होतो. तीच खुर्ची तळहात वर करून उचलली तर बहुधा दुखत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता इंजेक्शन. जुन्या टेनिस एल्बोत सूज फारशी नसते, कंडरेचे धागे झिजून विस्कटलेले असतात. स्टेरॉइड वेदना झटकन दाबतं, धागे सांधत नाही. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिस्बेनच्या १९८ रुग्णांचा अभ्यास आला. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७८ टक्के समाधानी, काहीच न करता थांबलेल्यांपैकी फक्त २७ टक्के. इथवर वाचलं तर कोणीही इंजेक्शनच मागेल. पण इंजेक्शनने बरं वाटलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं नंतर उलटलं, आणि वर्षाच्या शेवटी ते नुसतं थांबलेल्यांच्याही मागे पडले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या जामा नियतकालिकात त्याच गटाचा पुढचा अभ्यास आला. वर्षभरात दुखणं परत येण्याचं प्रमाण स्टेरॉइडवाल्यांत ५४ टक्के, खोटं, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्यांत १२ टक्के. म्हणजे ताई, तुमच्या बाबतीत जे झालं त्यात तुमचा दोष नाही. पांढुरका डाग आणि खळगाही त्याच औषधाचा परिणाम, आपल्या सावळ्या कातडीवर तो जास्त दिसतो. हळूहळू बऱ्यापैकी भरून येतो.

तुम्हाला साखर आहे का? असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस ती वाढते, हेही सांगायला हवं होतं.

आंबेमोहर | १० जून, रात्री ९:५०

फिजिओताई, वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं. तुमचा दोष नाही, हे सात महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं. साखर काठावर आहे. आणि खुर्चीचं लगेच करून पाहिलं. तळहात खाली, तर जीव गेला. तळहात वर, तर अगदी थोडंसं!

पट्टा माझ्याकडे आहे, पण त्याने दुखणं वाढतंच असं वाटतं.

परळची फिजिओ | १० जून, रात्री १०:३०

पट्टा बहुतेक नेमका दुखऱ्या हाडावर बांधताय. त्याच्या खाली दोन बोटं सोडून, जिथे हाताचा मांसल भाग सुरू होतो, तिथे घट्ट पण मुंग्या येणार नाहीत असा बांधा. कामापुरता, झोपताना अजिबात नाही. पट्टा ताण वाटून घेतो, बरा करत नाही. काहींना त्यापेक्षा मनगटाचा आधार जास्त मानवतो.

लाकूडकाम | ११ जून, दुपारी १:२०

आमचं जोगेश्वरीला फर्निचरचं काम. दोन वर्षांपूर्वी एका फ्लॅटचं मॉड्यूलर किचन लावताना पंधरा दिवस हाताने स्क्रू आवळले, त्यात हे दुखणं लागलं. मी पीआरपी केली. स्वतःचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात आणि त्यातला पिवळा भाग कोपरात भरतात. सुई टोचल्यावर आठवडाभर हात उचलवत नव्हता. पाच महिन्यांनी बरं वाटलं, पण ते त्यामुळे की काम कमी केल्यामुळे, छातीठोक सांगू शकत नाही.

मला खरा फरक पडला तो हत्यारं बदलल्यावर. पेचकसच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली. बारीक मूठ जास्त आवळावी लागते, जाड मुठीला तेवढा जोर लागत नाही. स्क्रूला आता ड्रिल मशीनच. प्लायचा तुकडा उचलायचा तर तळहात खालून घालून, कोपर अंगाला चिकटवून.

परळची फिजिओ | ११ जून, संध्याकाळी ७:१०

दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. पीआरपीबद्दल २०२१ मध्ये कॉक्रेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तोपर्यंतचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले. वेदना आणि हाताचं काम या दोन्हींत खोट्या इंजेक्शनपेक्षा जाणवण्याजोगा फायदा बहुधा नाही, हा त्यांचा निष्कर्ष. इतके पैसे घालण्याआधी रुग्णाला हे माहीत असायलाच हवं.

दादर पूर्व | ११ जून, रात्री ८:००

थोडं वेगळं मत. मी सहा वर्षांपूर्वी एकच इंजेक्शन घेतलं, आजतागायत त्रास नाही. मुलीचं लग्न दहा दिवसांवर होतं, हात उचलत नव्हता, दुसरा काय पर्याय होता? सगळ्यांना सरसकट घाबरवू नये असं वाटतं.

परळची फिजिओ | ११ जून, रात्री ८:४५

तुमचं बरोबर आहे, काकू. न उलटणारेही बरेच असतात आणि कधी कधी दहा दिवसांची सुटका हीच गरज असते. माझा आक्षेप एवढाच की ती सुटका आहे, इलाज नाही, हे सुई टोचण्याआधी सांगितलं जावं. आणि बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुरण वाटायला बसू नये. दुसरं, तिसरं इंजेक्शन मात्र मी माझ्या बहिणीला घेऊ देणार नाही.

निशिगंध | १२ जून, सकाळी ११:००

माझा अनुभव लिहिते, कारण मला चार महिने चुकीचा उपचार झाला. कोपर दुखायचं, टेनिस एल्बो म्हणून मलम, पट्टा, शेक सगळं केलं. पण अंगठ्यात मुंग्या यायच्या आणि मान डावीकडे वळवली की कळ खाली उतरायची. शेवटी निघालं मानेच्या मणक्यातल्या नसेवरचं दडपण. मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पडल्यानंतरचं दुखणं, कोपराला सूज किंवा ताप, यातलं काही असेल तर कोपराच्या व्यायामाच्या नादी लागू नका, आधी नीट तपासून घ्या.

परळची फिजिओ | १२ जून, दुपारी २:१५

निशिगंध यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता व्यायामाबद्दल बरेच निरोप आलेत, म्हणून लिहिते. ताई, तुमच्या तपासणीत मुंग्या वगैरे नाहीत हे फिजिओकडून एकदा पक्कं करून घ्या आणि मगच सुरू करा.

टेबलावर हात आडवा ठेवायचा, तळहात खाली, मनगट कडेच्या बाहेर. पंजा सरळ रेषेत उचलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावर वरून हलका दाब द्यायचा. पंजा हलू द्यायचा नाही. ३० ते ४५ सेकंद, मध्ये मिनिटभर विसावा, असं चार-पाच वेळा. पहिले दोन आठवडे एवढंच. दुखलं तर दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल. मात्र दुसऱ्या सकाळी दुखणं आदल्या दिवसाइतकंच हवं. वाढलं असेल तर जोर कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही.

मग तशाच बैठकीत हातात अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली. वर नेताना डाव्या हाताची मदत घ्यायची आणि खाली सोडताना उजव्याने एकट्याने, मनात चार मोजत. खरं काम त्या सावकाश खाली सोडण्यात आहे. दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या. सोपं झालं की वजन वाढवायचं. पुढे टॉवेलची गुंडाळी हळूहळू पिळायची. खांदा आणि पाठीचा वरचा भाग अशक्त असेल तर त्याचेही व्यायाम लागतात, कारण खांदा काम करेना की कोपर भरडलं जातं.

सहा आठवड्यांआधी फार आशा धरू नका, बारा आठवडे द्या. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, ती स्वतःच्या चालीने बांधली जाते. झोळीत हात घालून पूर्ण आराम देणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने ती आणखी कमजोर होते. वेदनाशामक मलम दिवसातून दोन-तीनदा लावलं तर थोडे दिवस आधार मिळतो. गोळ्या मात्र पित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

ऑपरेशनची धास्ती घेऊ नका. सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही हात बसला नाही, तरच तो विषय निघतो, आणि तशी वेळ फार थोड्यांवर येते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात एका छोट्या अभ्यासात काहींची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींना नुसता कातडीवर छेद दिला. दोन्ही गट सारखेच सुधारले. मी तर म्हणेन, वेळ आणि व्यायाम या दोघांना आधी पुरती संधी द्या.

बोरिवलीकर | १२ जून, रात्री ९:२०

लोकलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी रोज चर्चगेटला जातो. गर्दीत वरचं हँडल घट्ट आवळून तासभर उभं राहणं म्हणजे कंडरेवर तासभर ताण. आता दुखऱ्या हाताने धरतच नाही, दारापासून आत सरकून पाठ टेकवतो. लॅपटॉपची बॅग दोन्ही खांद्यांवर. ऑफिसात उभ्या आकाराचा माउस घेतला, त्यात पंजा हस्तांदोलनासारखा राहतो. पहिले दोन दिवस बाण पडद्यावर भलतीकडेच जायचा, मग सवय झाली. भाजीच्या पिशव्या बोटांत लटकवायच्या नाहीत, कोपराच्या पुढे हातावर घ्यायच्या.

वाळा | १३ जून, सकाळी ७:४५

अग्निकर्माबद्दल विचारणार होते. मी एका वैद्यांकडून तीन वेळा करून घेतलं. तापवलेल्या धातूच्या शलाकेने ठिपके देतात, वर कोरफड आणि हळद. दुखणं बरंच उतरलं, डाग मात्र दोन महिने होते. व्यायामही सोबत चालू होता. साखर असेल तर जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा आधी सांगावं. कोणाच्याही हातून करून घेऊ नये, शिकलेला वैद्य हवा.

फिजिओला खाजगीत रोजचे पैसे परवडत नसतील त्यांच्यासाठी: केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, ती १९५५ पासून याच कामासाठी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, रांग असते, पण व्यायाम नीट शिकवतात. चार-पाच खेपांत शिकून बाकी घरी केलं तरी चालतं.

आंबेमोहर | १३ जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरं इंजेक्शन घेत नाही, ठरलं. सोमवारी रजा टाकून केसपेपर काढते. सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, पोळ्या तीन महिने मी लाटते, तू आमटी बघ. त्या ७४ वर्षांच्या आहेत. म्हणून पोळ्या केंद्रातून आणायच्या असं आम्ही दोघींनी ठरवलं.

आंबेमोहर | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, कारण कळवायचं राहिलं होतं. आज चौदा आठवडे झाले.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. एकदा तर रडून व्यायाम सोडणार होते, पण फिजिओताईंचं "दुसऱ्या सकाळी बघा" हे वाक्य फ्रिजवर लिहून लावलं होतं. रोज सकाळी उठल्यावर दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा आणि कॅलेंडरवर लिहायचा. जूनमध्ये सहा आणि सात आहेत. जुलैच्या शेवटी चार. गणपतीत मोदकांच्या पाऱ्या वळल्या तेव्हा पुन्हा पाचवर गेलं, मी घाबरले, पण चार दिवसांत खाली आलं. इंजेक्शननंतरसारखं कोसळलं नाही. आता एक, कधी शून्य. अर्ध्या लिटरच्या बाटलीवरून दोन किलोच्या डंबेलवर आले आहे. टॉवेल पिळता येतो. खळगा थोडा भरलाय, डाग अजून आहे.

आज सकाळी दुधाचा टोप उजव्या हाताने उचलला. सांडशी नाही, जाड फडकं घेऊन, कोपर अंगाशी. ओट्यावर ठेवेपर्यंत सासूबाई आणि मी दोघीही काही बोललो नाही.

आता दिवाळीचा प्रश्न. चकल्या करायच्याच आहेत, दोन किलोच, आणि नणंदा इथे येऊन करणार आहेत. पण सोऱ्या तोच. काही सुचवाल का?

परळची फिजिओ | २१ सप्टेंबर, रात्री १०:०५

ताई, फार बरं वाटलं. भाजणी जरा सैल भिजवा, गरम पाणी आणि मोहन नीट. एका बैठकीत दहा मिनिटांवर नको, हात बदला. व्यायाम दिवाळीनंतरही आठवड्यातून दोनदा चालू ठेवा.

लाकूडकाम | २१ सप्टेंबर, रात्री ११:३०

ताई, दांडा आखूड असेल तर जोर जास्त लागतो. दोन्ही बाजूंना लांब, जाड सागवानी मुठी बसवल्या की दोन हातांनी आरामात फिरेल. दांड्याची जाडी आणि लांबी कळवा, मी करून देतो. पैसे नकोत, चार चकल्या चालतील.

आंबेमोहर | २२ सप्टेंबर, सकाळी ६:५०

दादा, आत्ताच माळ्यावरून काढून मोजला. दांडा साडेचार इंच, जाडी माझ्या करंगळीएवढी, टोकं गोल. रविवारी घेऊन येते. चकल्या चार नाही, डबाभर.